पानाला कोण झाकतं?

भाद्रपद लागला की आमच्या घरी गणपतीच्या आधी माझा राग येतो. बायकोला आता सवय झाली आहे. सकाळी चहा देताना ती माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "आला वाटतं तुमचा पाहुणा." पाहुणा दीड दिवसाचा नाही, दहा दिवसांचाही नाही. नवरात्राचे घट बसेपर्यंत त्याचा मुक्काम असतो.

दोष त्या हवेचा आहे. या दिवसांत पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या शेडांच्या भिंतींना हिरवं शेवाळ धरतं, पहिली शिफ्ट सुटली की मोटारसायकलींच्या मागे चिखलाची रेघ उठते, आणि माझ्या वर्कशॉपमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना एक आंबूस वास येऊ लागतो. रात्री उघडी राहिलेली तांब्याची तार सकाळी काळवंडलेली दिसते. सोल्डरिंगचा धूरही वर जायला तयार नसतो, तिथंच नाकाशी घुटमळतो. धूर आणि ओला पुठ्ठा यांचा तो वास नाकात गेला की मी सातपूरला राहतच नाही. मी हरसूलच्या पुढच्या त्या पाड्यावर, डोंगराच्या उतारावर, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात उभा असतो.

भाद्रपदातली नागली ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगता येणार नाही, पण प्रयत्न करतो. उतारावर गुडघ्याच्या वर आलेलं पीक, नुकती बाहेर पडणारी कणसं, लहान मुलाने अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी. सकाळी दहापर्यंत धुकं हलत नाही. शेतातून चाललं की पँट मांडीपर्यंत भिजते, पावसाचा थेंब नसतानाही. पानावर पाणी बसलेलं असतं, जागचं हलत नाही. दिसायला फार सुंदर. आणि हेच ते पाणी, ज्याच्यातून करपा येतो. पान तासन् तास ओलं राहिलं, हवा उबदार राहिली, की रोग आधी पानावर चढतो, मग कणसाच्या मानेत शिरतो. मग कणीस वरून भरल्यासारखं दिसतं आणि हातात चोळलं तर फोल.

हे मला वैद्य मॅडमनी शिकवलं. मी साधा आयटीआयचा वायरमन, पुढे स्वतःचा गाळा घेऊन कारखान्यांची विजेची पॅनेलं जोडणारा पॅनेलवाला. नागली मला भाकरीपुरती ठाऊक.

राग कोणाचा, ते सांगण्याआधी अन्वरभाईंबद्दल सांगायला हवं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ज्या कारखान्यात वायरमन होतो तिथले ते मुख्य मिस्त्री. मी माझं पहिलं स्वतंत्र पॅनेल केलं ते फार नेटकं केलं होतं. तारा कशा एका रेषेत, प्रत्येकीला नंबराची नळी चढवलेली. फक्त खाली दोन सॉकेट शेजारीशेजारी होती, अगदी सारखी. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने घाईत प्लग उलटे लावले आणि मोटर उलटी फिरून पट्टा तुटला. मी बिनदिक्कत म्हणालो, "ऑपरेटरची चूक आहे. वर लिहिलं होतं."

अन्वरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "दोन सॉकेट सारखे कुणी लावले?"

"मी."

"मग चूक ऑपरेटरची कशी रे? तो आठ तास उभा राहून दमलेला माणूस. तू एसीत बसून वायर ओढलीस." (एसी नव्हता, पंखाही एकच होता, पण अन्वरभाई चिडले की असंच बोलायचे.) "लक्षात ठेव बेटा. गलत लगनाच नहीं चाहिए. चुकीचं बसूच शकणार नाही असं बनव. नंतर वर काही लिही नाहीतर नको लिहू."

माझं सगळं शिक्षण ते एवढंच. त्यानंतर मी कधीही दोन सारखी सॉकेट शेजारी लावली नाहीत. एक गोल, एक चपटं. एक लाल, एक निळं. दमलेल्या माणसाच्या हाताला अंधारातही कळलं पाहिजे.

आणि मग मोबाईल नुकतेच सगळ्यांच्या खिशात आले होते त्या सुमारास वैद्य मॅडम एक मोठं खोकं रिक्षात घालून माझ्या गाळ्यावर आल्या. शेतीच्या एका संशोधन केंद्रात त्या पिकांच्या रोगांवर काम करायच्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, पदर खोचून चालणाऱ्या. त्यांच्या केंद्रातली एक मोटर मी कधीतरी दुरुस्त केली होती, तेवढीच ओळख.

"गांगुर्डे, हे मला लावून द्याल का हो? तीन दिवस झाले, मला जमत नाहीये." असं म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरलो. बाई माणूस, शास्त्रज्ञ, आणि माझ्या गाळ्यात रडते आहे. मी पोराला चहा आणायला पिटाळलं आणि खोकं उघडलं.

आत सहा डबे. प्रत्येक डबा एका खांबावर लावायचा, त्याच्यातून तीन तारा बाहेर: एक हवेची ऊब मोजणार, एक मातीतली ओल, आणि तिसऱ्या तारेच्या टोकाला तळहाताएवढी एक पांढरी पट्टी. तिच्यावर कंगव्यासारख्या तांब्याच्या बारीक रेघा. ती पट्टी पान किती वेळ ओलं राहतं ते मोजणार. सहाही डबे आपापसांत बिनतारी बोलणार आणि सगळी माहिती शाळेतल्या एका मोठ्या डब्याला देणार. तिथून फोनच्या तारेवरून ती बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेत जाणार, जिथल्या दोन इंजिनिअरांनी हे बनवलं होतं. कल्पना सोन्यासारखी होती. आजही म्हणेन, सोन्यासारखी होती.

आणि तिन्ही तारांचे प्लग अगदी सारखे होते.

कुठली तार कुठे लावली, हे डब्याला कळत नव्हतं. ते लॅपटॉप जोडून, इंग्रजी आज्ञा टाईप करून त्याला सांगायचं. प्रत्येक डब्याला त्याचं नाव सांगायचं, नाव म्हणजे सोळा आकडे-अक्षरांची माळ. एक अक्षर चुकलं की डबा मुका. मुका झाला हेही तो सांगणार नाही, कारण बाहेर साधा दिवासुद्धा नव्हता. सहा स्क्रू काढून झाकण उघडायचं, केबल लावायची, टाईप करायचं, झाकण लावायचं, आणि तो बोलतोय की नाही ते बघायला दीड किलोमीटर चालत शाळेत जायचं. नाही बोलला तर परत. आषाढात. डोंगरात. सोबत इंग्रजी पुस्तक, विटेएवढं जाड.

मॅडमनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. पलीकडून आवाज आला तो मला इकडे ऐकू येत होता. "मॅडम, इट्स व्हेरी सिंपल. मॅन्युअल वाचलंत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईला नागलीच्या पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवून सांगता येतं की रोग किती दिवसांवर आहे. तिला तुम्ही विचारता मॅन्युअल वाचलं का? डॉक्टरच्या हातात थर्मामीटर देण्याआधी त्याला काच फुंकायला लावतात का? तिचं काम झाड वाचायचं आहे, तुमची भाषा घोकायचं नाही. पण नाही. यांना सोपं करायला कमीपणा वाटतो. अवघड राहिलं की लोक विचारायला येतात, आणि विचारायला आले की यांची खुर्ची दोन बोटं उंच होते. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, आणि शेळी खड्ड्यात पडली की म्हणायचं, शेळीला चालता येत नाही.

मी हे सगळं तेव्हा बोललो नाही. गाळ्यात बडबडलो, घरी बडबडलो. त्यांच्यासमोर नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा येणार आहे.

आम्ही ते डबे लावले. छत्री मी धरायची, मॅडमनी प्लॅस्टिकच्या पिशवीत लॅपटॉप घालून टाईप करायचं. सहा डब्यांना नऊ दिवस लागले. मॅडमच्या केंद्राची गाडी महिन्यातून एकदाच मिळायची, म्हणून बाकीचे दिवस एसटी, आणि हरसूलच्या पुढे मिळेल ते. नवव्या दिवशी सहावा डबा बोलला तेव्हा मॅडम शाळेच्या पायरीवर मटकन बसल्या. म्हणाल्या, "गांगुर्डे, एवढ्या वेळात मी अख्खा डोंगर हाताने तपासला असता."

शेतं पारूबाई भोयेच्या भावकीतली होती आणि राखण पारूबाईची. तिशी ओलांडलेली, काटक, बोलायला मोजकी. दरवर्षी ती आणि तिचा नवरा सायखेड्याकडे मजुरीला जायचे, त्या बाजूच्या पन्नास घरांसारखे. नागली साधली तर माघापर्यंत पाड्यावर राहता यायचं. नाही साधली तर दसरा झाला की बिऱ्हाड उचलायचं. तिची मुलगी सातवीत होती. बिऱ्हाड उचललं की शाळा सुटायची, इतकं ते सरळ होतं. नागलीवर करपा येणार की नाही, याच्यावर त्या पोरीचं सातवीचं वर्ष टांगलेलं होतं.

म्हणूनच मॅडमनी करप्याचं औषध आणि फवारणीचे पंप आधीच आणून शाळेच्या खोलीत ठेवले होते. त्यांनी पाड्यावरच्या लोकांना बसवून सांगितलं, "उगाच आधी फवारलं तर वाया जातं, उशिरा फवारलं तर उपयोग नाही. पान किती वेळ ओलं राहतं ते हे यंत्र मोजणार. ते मला कळवेल, मी शाळेत फोन करीन, त्याच दिवशी फवारायचं." या प्रयोगाला मान्यताही एकाच पावसाळ्यापुरती होती. या एका हंगामात जमलं तर पुढे वीस पाड्यांवर खांब लागणार होते. नाही जमलं तर सगळं बंद.

सहावा खांब रोवून झाला तेव्हा मॅडम पुढे गेल्या होत्या. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. पारूबाई खांबाभोवती एक फेरी मारून आली. "सायेब, याची काळजी कशी घ्यायची?"

मी दमलेला होतो. पायाला जळू चावलेली, बस चुकण्याची भीती. डब्यावर थाप मारून म्हणालो, "काही नाही ताई. फक्त याला पाणी लागू देऊ नका. महागाची वस्तू आहे."

एवढंच बोललो. पॅनेलवाला माणूस दुसरं काय बोलणार? आयुष्यभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो होतो.

श्रावण गेला. दर पंधरा दिवसांनी बॅटऱ्या तपासायला जायचं माझ्याकडे होतं. गौरी-गणपतीच्या दिवसांत एका कारखान्याचं पॅनेल द्यायचं होतं, म्हणून मी दोन खेपा चुकवल्या. मॅडमना बाहेरगावाहून दर आठवड्याला आलेख यायचा. त्याच्यावर पानाचं नावच नव्हतं, 'चॅनल ३' असं होतं. आणि चॅनल तीनची रेघ सरळ, तळाला टेकलेली. कोरडं. कोरडं. कोरडं. मॅडमनी इंजिनिअरांना दोनदा फोन करून विचारलं, "अहो, भाद्रपदात हरसूलला पान कोरडं कसं राहील?" त्यांना उत्तर मिळालं, "डेटा एकदम क्लीन आहे मॅडम. सेन्सर खोटं बोलत नाही."

अनंत चतुर्दशी झाल्यावर मी पाड्यावर गेलो. धुकं होतं. पहिला खांब दिसला आणि मला आधी काही कळेना. खांबाच्या डोक्यावर एक इरलं होतं. बांबूच्या कामट्यांचं, मध्ये पळसाची पानं दाबून बसवलेलं, पाऊस अंगावर येऊ नये म्हणून लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते. मोठ्या माणसाचं नव्हतं. लहान होतं, लेकराच्या मापाचं, मुद्दाम विणलेलं. डबा, तारा, ती पांढरी पट्टी, सगळं त्याच्याखाली अगदी कोरडं ठाक. पुढे दुसरा खांब, त्यावरही. सहा खांब, सहा इरली. सुंभाने नीट बांधलेली, वाऱ्यात उडू नयेत म्हणून.

मी आधी हसलो. खरं सांगतो, मोठ्याने हसलो. मग खाली बघितलं. कणसांच्या माना काळ्या पडायला लागल्या होत्या.

पारूबाई बांधावरून आली. हातात विळा. तिला वाटलं मी खूश होऊन हसतोय. म्हणाली, "पानी लागू दिलं नाय, सायेब. एक थेंब नाय. लावनीनंतर आठ दिस लागले इनायला."

"ताई, नागलीवर करपा आलाय."

"आलाय ना. पंध्रा दिस झालं दिसतंय मला. पानावर टिपके आलं तवाच दिसलं."

"मग फवारलं का नाही? औषध शाळेत पडलंय!"

तिने विळा खाली केला. "तुमीच म्हनलात, मशीन सांगल तवा. मशीन बोललंच नाय."

त्या वाक्यामुळे मला आजही झोप लागत नाही. तिला दिसत होतं. तिच्या डोळ्यांना, बोटांना सगळं कळत होतं, जसं मॅडमना कळायचं. आम्ही मोठ्या खटपटीने डोंगर चढून गेलो आणि तिला सांगितलं की तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, डब्यावर ठेव. तिने ठेवला. शिवाय डब्याला पाऊस लागू नये म्हणून आठ दिवस बसून त्याला पांघरूण विणलं. तिने आमचं प्रत्येक म्हणणं ऐकलं आणि प्रत्येक म्हणण्यापायी तिचं नुकसान झालं.

त्या वर्षी ती माणसं दसऱ्यालाच सायखेड्याला गेली. पोरगी बरोबर गेली. परत आल्यावर ती शाळेत बसली नाही. सुटली ती सुटलीच.

हिवाळ्यात नाशिकला बैठक झाली. हॉलमध्ये पुष्पगुच्छ, बिस्किटं, पडद्यावर चित्रं. ते दोन इंजिनिअर आले होते, आणि त्यांचे वरचे साहेब. पारूबाईलाही बोलावलं होतं, सायखेड्याहून, 'स्थानिक सहभाग' म्हणून. नवं लुगडं नेसून ती मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या टोकावर बसली होती. पडद्यावर ओळ आली: स्थानिक व्यक्तींच्या अज्ञानामुळे उपकरणात हस्तक्षेप. खाली सहा इरल्यांचा फोटो. हॉलमध्ये हशा पिकला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतो. पण वाकडं अंगण कोणी फोटो काढून पडद्यावर लावलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सारखे प्लग कोणी केले? दिवा कोणी लावला नाही? चॅनल तीन हे नाव कोणी दिलं? भाद्रपदात पान कोरडं असल्याचं बघून, मॅडम सांगत असताना, क्लीन आहे म्हणून कोण म्हणालं? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर चहा-बिस्किटं.

वरच्या साहेबांनी गोड आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही ते का झाकलंत? कोणी सांगितलं होतं?"

पारूबाईने हॉलमध्ये नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. क्षणभरच. मी दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर फाईल. त्या फाईलमध्ये पुढच्या टप्प्याचे चाळीस डबे माझ्या गाळ्यात जोडायचा प्रस्ताव होता, अजून निकाल न लागलेला.

ती म्हणाली, "पान्यात भिजंल म्हनून."

माझं नाव तिने घेतलं नाही. आणि मी मूग गिळून गप्प बसलो.

आता कळलं ना, हा पाहुणा कोणाचा आहे? वर्षभर मी इंजिनिअरांना शिव्या देतो, पुस्तकाला देतो, सोळा अक्षरांच्या नावाला देतो. त्या सगळ्या शिव्या खऱ्या आहेत, एकही मागे घेत नाही. पण भाद्रपदात हवा दाटली की त्यातली सगळ्यात मोठी शिवी फिरून माझ्याच घरी येते. अन्वरभाई म्हणायचे चूक ऑपरेटरची नसते. मी त्यांचा चेला. आणि भरल्या हॉलमध्ये मी चूक ऑपरेटरवर जाऊ दिली.

बैठक संपायच्या आधी पारूबाई उठली. तिने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "ती पांढरी फळी काय मोजती?"

मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या. "पान किती वेळ ओलं राहतं ते, पारूबाई. ती फळी म्हणजे नागलीचं पान समजायचं. पान भिजेल तशी ती भिजायला हवी."

पारूबाई पुन्हा पडद्याकडे वळली. मग अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मंग हे पान हाय असं सांगायचं ना. पानाला कोन झाकतं?"

कोणी हसलं नाही. एक इंजिनिअर म्हणाला, "ओके, नेक्स्ट स्लाईड." अहवालात ती अज्ञानाची ओळ तशीच राहिली. पुढचा टप्पा आलाच नाही. चाळीस डब्यांचा प्रस्तावही गेला. ज्यासाठी गप्प बसलो तेही मिळालं नाही, हे मला बरंच झालं वाटतं. मिळालं असतं तर त्याचं जेवण घशाखाली उतरलं नसतं.

यंदा आषाढात वैद्य मॅडमचा फोन आला. आता त्या निवृत्त आहेत, पण गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. "गांगुर्डे, मला सहा खांब करून द्या. असे द्या की मी एकटीने लावीन. तुम्हाला फोन करायची वेळ आली तर तुमचं काम फसलं समजा."

मी गाळ्याचं शटर अर्धं ओढून महिनाभर तेच केलं. मातीच्या तारेचा प्लग चौकोनी आणि तपकिरी, हवेचा गोल आणि निळा, पानाचा तिकोनी आणि हिरवा. एकाच्या जागी दुसरा बसूच शकत नाही. प्लग बसला की डब्याला आपोआप कळतं की तार कशाची. बाहेर दिवा: बोलतोय तर हिरवा, मुका झाला तर लाल. डब्याचं नाव आकडी माळ नाही, ज्याच्या शेतात खांब त्याचं नाव, मराठीत. आता डोंगरातही रेंज आली आहे, माहिती सरळ मॅडमच्या फोनवर येते, आणि तिच्यावर 'पान' असंच लिहिलेलं असतं. ती पट्टी मी नागलीच्या पानासारखी लांब, निमुळती कापली आणि हिरवी रंगवली. यात माझी कसलीही हुशारी नाही. निम्मी अन्वरभाईंची आणि निम्मी पारूबाईची. एवढं करायला त्या संस्थेला काय सोन्याच्या खाणी लागणार होत्या? एक महिना आणि थोडी लाज, एवढंच लागत होतं.

श्रावणात मॅडम आणि मी पाड्यावर गेलो. पारूबाईचे केस कानाशी पांढरे झालेत. मुलीचं लग्न झालं. तिने ते हिरवं पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नखाने रेघ ओढून बघितली. मान हलवली. मॅडमना म्हणाली, "हे बरोबर हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "खांब लावू देनार नाय."

मॅडम चकित झाल्या. मला कळलं. मी तिथंच बांधावर, मॅडमच्या देखत सांगून टाकलं की पाणी लागू देऊ नका, हे मीच सांगितलं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

पारूबाईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मला ठावं हाय ते. मला काय सांगता? हितं पाड्यावर, भावकीत, बाजारात मला इरलंवाली म्हनत्यात. पोरीच्या लग्नात बी म्हनले. मशीन झाकून नागली घालवली तीच ही बाई. तुमी हितं बांधावर बोलून काय उपेग? बाजारात बोला, मंग खांब लावा."

मॅडम म्हणाल्या, "पारूबाई, जाऊ दे ना आता."

"कामून जाऊ दे?" पारूबाई म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. तिलाही राग होता. इतकी वर्षं मी समजत होतो की राग फक्त माझ्याकडे आहे.

हरसूलचा आठवडे बाजार म्हणजे उभं राहायला जागा नसते. काकड्यांचे ढीग, मिठाची पोती, बांगड्या, सुक्या बोंबलाचा वास, एसटीचे हॉर्न. पारूबाईच्या भावकीतले चार-सहा जण एका हातगाडीपाशी उभे होते. तिने मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं आणि बाजूला झाली. साठ किलोचं पॅनेल एकट्याने उचललेला माणूस मी, तीन वाक्यं मला उचलेनात.

मी म्हणालो, "त्या वर्षी यंत्राला पाणी लागू देऊ नका, असं मी सांगितलं होतं. पारूबाईंनी माझं ऐकलं. नागली गेली ती माझ्यामुळे आणि यंत्र बनवणाऱ्यांमुळे, यांच्यामुळे नाही."

एक म्हातारा म्हणाला, "काय म्हनतो ह्यो?" दुसऱ्याने मान खाली घातली. बोंबील विकणारी बाई हात थांबवून बघायला लागली. मला वाटलं, झालं, सुटलो. मी वळलो.

"सायेब." पारूबाई मागून म्हणाली. "जोरात बोला. मागं ऐकू नाय गेलं."

मी पुन्हा बोललो.